कैरोच्या रस्त्यांवरचे लंगडे युद्धाश्व

१९३० साली ब्रिटिश घोडदळ ब्रिगेडचे प्रमुख म्हणून जेफ्री ब्रूक यांची नेमणूक कैरोत झाली. त्यांच्याबरोबर आलेल्या डोरोथी ब्रूक यांची नजर शहरातील गाड्यांना जुंपलेल्या घोड्यांवर खिळली. बरगड्या मोजून घ्याव्यात असे ते घोडे पाय ओढत चालत होते आणि थांबले की एकेक पाय आळीपाळीने उचलून धरत होते. त्यांतील काहींच्या अंगावर बाणाच्या टोकासारखी खूण होती. ब्रिटिश सरकारी मालमत्तेवर उमटवला जाणारा तो डाग होता. महायुद्ध संपून बारा वर्षे झाली होती, आणि त्या युद्धातले घोडे अजून कामावर होते.

हे घोडे तिथे पोहोचले कसे, हे कळण्यासाठी थोडे मागे जावे लागते. सिनाई आणि पॅलेस्टाईनच्या मोहिमेत घोडदळाचे महत्त्व पश्चिम आघाडीपेक्षा कितीतरी अधिक होते. ३१ ऑक्टोबर १९१७ रोजी ऑस्ट्रेलियन स्वारांनी बीरशेबा घेतले. २३ सप्टेंबर १९१८ रोजी जोधपूर आणि म्हैसूर संस्थानांच्या लान्सर्सनी हैफा जिंकले. दिल्लीतील तीन मूर्ती चौकाचे नाव ज्या तीन पुतळ्यांवरून पडले, ते जोधपूर, म्हैसूर आणि हैदराबादच्या याच स्वारांचे स्मारक. स्मारकात पुतळे स्वारांचे आहेत, घोडा एकही नाही.

युद्ध संपले आणि प्रश्न हिशेबाचा झाला. हजारो जनावरे जहाजांतून मायदेशी नेण्याचा खर्च मोठा होता, आणि ऑस्ट्रेलियाच्या बाबतीत रोगप्रसाराच्या भीतीने घातलेले निर्बंधही आडवे आले. ऑस्ट्रेलियाने युद्धावर सव्वा लाखाहून अधिक घोडे धाडले होते. त्यांपैकी परतला तो एकच: गॅलिपोलीत मारले गेलेले सेनानी विल्यम ब्रिजेस यांचा सँडी. बाकीच्यांची प्रतवारी झाली. म्हातारे आणि निकामी ठरलेले घोडे गोळी घालून मारण्यात आले. धडधाकट होते ते इतर पलटणींकडे गेले किंवा बाजारात विकले गेले.

या निर्णयात एक विपर्यास होता. गोळी लागलेल्या घोड्याचे हाल तिथेच संपले. ‘अजून काम देईल’ असा शेरा मिळालेला घोडा मात्र पुढची बारा-पंधरा वर्षे एका मालकाकडून दुसऱ्याकडे, प्रत्येक वेळी आधीच्याहून गरीब मालकाकडे जात राहिला. १९३० पर्यंत त्यांतील बहुतेकांनी विशी ओलांडली होती. घोड्याचे आयुष्य साधारण पंचवीस ते तीस वर्षांचे. म्हणजे हे सारे ओझे ते वार्धक्यात ओढत होते.

त्यांच्या पायांचे नेमके काय झाले होते? घोड्याच्या शरीराचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो. सांध्यातील कूर्चा एकदा झिजली की ती पूर्ववत होत नाही; हाडावर हाड घासू लागते, कडेने नवे हाड वाढते आणि सांधा आखडतो. कठीण रस्त्यावर रोज ओझे ओढणाऱ्या जनावरात ही झीज लवकर होते. वेळेवर नालबंदी झाली नाही तर खूर वेडावाकडा वाढतो आणि प्रत्येक पावलाचा धक्का सांध्याला चुकीच्या कोनातून बसतो. पुढच्या पायाने लंगडणारा घोडा ओळखण्याची खूण साधी आहे: दुखरा पाय जमिनीला टेकताना तो डोके वर उचलतो आणि चांगल्या पायावर येताना खाली घालतो.

या आजाराचा एक गुणधर्म गरीब मालकाची दिशाभूल करतो. रात्रभर उभे राहून आखडलेला घोडा सकाळी पाऊल टाकायला तयार नसतो. चाबकाखाली अर्धा मैल चालला की सांधे थोडे मोकळे होतात आणि तो ‘सुधारल्यासारखा’ दिसतो. मालकाला वाटते, जनावर आळशी आहे.

झोपेचे दुखणे याहून वाईट. घोडा उभ्याने डुलकी घेऊ शकतो, कारण त्याच्या पायांतील स्नायुबंधांची रचना सांधे जवळजवळ कुलूपबंद करते. पण गाढ झोपेसाठी त्याला आडवे व्हावेच लागते. आखडलेल्या म्हाताऱ्या घोड्याला खाली बसले की उठणे जमत नाही, म्हणून तो बसण्याचेच टाळतो, आणि खाली कोरडी, मऊ जागा नसेल तर ते आणखी कठीण. असा घोडा महिनोन्महिने पुरेसा झोपलेला नसतो.

त्या काळातील उपायही फारसे दिलासा देणारे नव्हते. लालबुंद लोखंडाने सांध्यावर डाग देणे ही युरोपातील पशुवैद्यांची मान्य पद्धत होती. खुराकडे जाणारी संवेदना-नस कापून वेदना बंद करण्याची शस्त्रक्रिया १९व्या शतकापासून होत होती. तीत वेदना जाई, रोग राही. घोड्यांच्या सांधेदुखीवर पुढे सर्रास वापरले गेलेले फेनिलब्युटाझोन दुसऱ्या महायुद्धानंतरचे. त्यातच झिजलेल्या सांध्याला जे सर्वांत आवश्यक, ते म्हणजे हलके काम, मोजका व्यायाम, नीट नालबंदी आणि मऊ बिछाना. ज्याचे पोट घोड्याच्या कामावर आहे, त्याला नेमके तेच परवडत नाही.

भारतीय वाचकाला इथे कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’तील अश्वाध्यक्षाचे प्रकरण आठवणे साहजिक आहे. युद्धाने, रोगाने, वार्धक्याने किंवा कामाने क्षीण झालेल्या घोड्यांना पोटापुरता आहार चालू ठेवावा, असे ते सांगते. उपचारात हयगय होऊन रोग बळावला तर उपचारखर्चाच्या दुप्पट दंडही सांगते. प्रत्यक्षात हे किती पाळले गेले, हा वेगळा प्रश्न. पण थकलेल्या घोड्याचा खर्च कुणीतरी उचलायचा असतो, ही गोष्ट निदान नियमात लिहिलेली होती. १९१९च्या लष्करी हिशेबात तो रकाना नव्हता.

डोरोथी ब्रूक यांनी विकत घेतलेला पहिला घोडा ‘ओल्ड बिल’ या नावाने ओळखला जातो. १९३१ मध्ये त्यांनी लंडनच्या ‘मॉर्निंग पोस्ट’ला पत्र लिहून या युद्धाश्वांची स्थिती मांडली आणि पैशांचा ओघ सुरू झाला. पुढील काही वर्षांत सुमारे पाच हजार घोडे मालकांकडून विकत घेण्यात आले. जप्त केले नाहीत, विकत घेतले. घोडा गेला तर ते कुटुंब उपाशी राहील, हे त्या जाणून होत्या, आणि त्यांच्या कार्यातील ही बाब दयाबुद्धीइतकीच महत्त्वाची मानली पाहिजे.

या पाच हजारांतील बहुतेक घोडे बरे होण्यापलीकडे गेले होते. त्यांना पोटभर चारा, पाणी आणि जाड बिछान्यावर काही दिवसांची विश्रांती दिली जाई आणि मग वेदनारहित मरण. म्हाताऱ्या घोड्यांना ‘वाचवण्याची’ ही गोष्ट प्रत्यक्षात मुख्यतः त्यांना मारण्याची आहे, हे आजच्या भावनिक कथनांत अनेकदा झाकले जाते.

युद्धाश्व संपत आले, तरी कैरोतील गाड्या ओढणारी जनावरे होतीच, आणि त्यांतील प्रत्येक जण दहा वर्षांनी याच अवस्थेला पोहोचणार होता. १९३४ मध्ये डोरोथी ब्रूक यांनी तिथे ‘ओल्ड वॉर हॉर्स मेमोरियल हॉस्पिटल’ सुरू केले. नाव जुन्या घोड्यांचे, काम मात्र चालू घोड्यांचे आणि गाढवांचे: जखमा, खूर, सुरुवातीचे लंगडणे, सारे विनामूल्य. तरीही अडचण विश्रांतीचीच उरली. घोडा आठ दिवस उभा राहिला की गाडीवानाच्या घरी आठ दिवस कमाई नाही.

डोरोथी ब्रूक यांचे निधन १९५५ मध्ये कैरोतच झाले. त्यांच्या नावाची संस्था आज भारतातही काम करते. तिच्या कामाचा मोठा भाग वीटभट्ट्यांवरील घोडे, खेचरे आणि गाढवे यांच्यासाठी आहे.