विंचू, एडका आणि नरसीचें वासरूं

मराठी गाण्यास निराळें नांव देण्याची चाल आपल्याकडे फारशी नव्हती. अभंगाचा पहिला चरण हेंच त्याचें नांव. ओवी तर निनांवीच. बोलपटांच्या काळींही ही संवय सुटली नाहीं. १९५३ सालच्या 'देवबाप्पा'मधील ग. दि. माडगूळकरांचें मोराचें गाणें घरोघरच्या मुलांस त्याच्या आरंभाच्या शब्दांवरूनच ठाऊक आहे. या चालीस जुना असा मोठा अपवाद भारुडांचा. एकनाथांच्या (१५३३–१५९९) भारुडांस विषयावरून नांवें पडलीं, आणि त्यांत 'विंचू' आहे, 'एडका' आहे. गाण्याच्या मथळ्यावर जनावर येऊन बसलें तें बहुधा येथेंच.

मात्र भारुडांतील जनावर हें खरें जनावर नव्हे. नाथांचा विंचू म्हणजे काम-क्रोध. त्याचा दंश झाला कीं तमोगुणाचा घाम सुटतो आणि सत्त्वगुणाचा अंगारा लावल्यावांचून उतार पडत नाहीं. एडका म्हणजे मदन. तो देवांना आणि ऋषींना एकामागून एक धडका देत सुटतो. ऐकणारा शेतकरी दोन्ही प्राण्यांस चांगला ओळखतो म्हणून हंसतो, आणि हंसतां हंसतां उपदेश गिळतो. युक्ति उत्तम खरी. परंतु विंचवाच्या जागीं साप असता तरी रूपकाचें कांहीं बिघडलें नसतें, असें आम्हांस नेहमीं वाटत आलें आहे.

नामदेवांकडे (१२७०–१३५०) वळलें म्हणजे प्रकार पालटतो. त्यांचें जन्मस्थान कोणी पंढरपूर मानतात. पण परंपरा ज्या नरसीचें नांव घेते, तिच्यापैकीं अधिक मान्य झालेली नरसी हिंगोली जिल्ह्यांत कयाधू नदीच्या कांठीं आहे. (हा जिल्हा १९९९ सालीं परभणींतून वेगळा निघाला, १९४८ पर्यंत सारा मुलूख निजामाच्या राज्यांत होता.) त्याच जिल्ह्यांत औंढा नागनाथ. तेथें विसोबा खेचरांनीं नामदेवांस उपदेश केला अशी कथा आहे. 'खेचर' म्हणजे आकाशांत संचार करणारा, आणि खेचर म्हणजे घोडा व गाढव यांच्या संकराचें ओझें वाहणारें जनावरही. विसोबांनीं ज्ञानदेवादि भावंडांचा छळ केला, त्यापायीं हें नांव त्यांस चिकटलें असें सांप्रदायिक सांगतात. शिवीसारखें मिळालेलें नांव ज्यानें जन्मभर चालविलें, त्याच्या शिष्यानें भाकर पळविणाऱ्या कुत्र्यामागें तुपाची वाटी घेऊन धांवावें, हें कथेला शोभून दिसतें.

नामदेवांच्या एका सुप्रसिद्ध अभंगांत मूल आगींत पडतांच आई झेंप घेते. पिलूं जमिनीवर पडतांच पक्षीण खालीं येते. भुकेल्या वासरासाठीं गाय हंबरत धांवते. रानांत वणवा लागला कीं हरिणीच्या मनांत पाडस असतें. आणि शेवटीं चातक मेघाची विनवणी करितो. येथें कोणताही प्राणी दुसऱ्या कशाचें सोंग घेऊन आलेला नाहीं. वासरूं हें वासरूंच आहे, गोठ्यांतलें, दाव्याला बांधलेलें. भक्त त्याच्या जागीं उभा राहतो, एवढेंच.

याच नामदेवांचीं ६१ पदें शिखांच्या आदिग्रंथांत आहेत. गुरु अर्जुनांनीं तो ग्रंथ १६०४ सालीं सिद्ध केला. तीं पदें वाचूं लागलों तों हीं गाय-वासरें पुन्हां भेटलीं. पण एक फेरफार डोळ्यांत भरला. गोंड रागाच्या पदांत तळमळ आहे ती वासरावांचून एकट्या पडलेल्या गाईची, पाण्यावांचून मासळीची. रामकलीच्या पदांत गाय पांच कोस दूर चरते आणि चित्त मात्र वासरापाशीं ठेवते, जसें पतंग उडविणाऱ्या मुलाचें चित्त दोरीवर असतें. मराठी अभंगांत भक्त हा वासरूं आणि देव गाय. येथें भक्तच गाय झाला. आणि आसा रागांत तर वासरूं देवाच्या नैवेद्याच्या आड येतें: फुलाचा वास भुंग्यानें आधीं घेतला, दूध वासरानें आधीं उष्टें केलें, मग देवास काय वाहूं? पूजेच्या कर्मठपणावर याहून सौम्य आणि याहून निरुत्तर करणारा आक्षेप आम्ही वाचलेला नाहीं. सोंवळ्याचा विटाळ करणारें तें पोर आहे गाईचें!

हा पालट नामदेवांच्या मनांत झाला, कीं पदें ज्या हातांतून गेलीं त्यांनीं घडविला? प्रश्न टाळण्यासारखा नाहीं. आपल्या गाथेंत 'नामा' ही मुद्रा एकाचीच नाहीं. विष्णुदास नामा यांच्यासारख्या मागाहून झालेल्या कवींच्या रचना तींत मिसळल्या आहेत, आणि १९७० सालीं महाराष्ट्र शासनानें गाथा छापली तेव्हांही हा गुंता संपूर्ण सुटला नाहीं. उलट पंजाबांत पाठ १६०४ पासून निश्चित आहे, पण त्याची भाषा नरसीची राहिली नाहीं. म्हणजे मूळ बोली एका घरीं, जपलेला पाठ दुसऱ्या घरीं. आमचा कल असा कीं दोन्ही चित्रें एकाच पाहणाऱ्याचीं असावींत. गाय आणि वासरूं यांमधील ओढ ज्यानें जवळून पाहिली, त्यास दोरीच्या दोन्ही टोंकांवर उभें राहतां येतें. उपदेशासाठीं जनावर शोधणाऱ्यास सहसा एकच टोंक सांपडतें. पण हा कल आहे, पुरावा नव्हे.

नरसीस आज नामदेवांच्या मंदिराबरोबर गुरुद्वाराही आहे. २०१५ सालीं मराठी साहित्य संमेलन पंजाबांतील घुमानास, नामदेवांच्या उत्तरायुष्यांतील वस्तीच्या गांवीं, भरलें. भाषणें पुष्कळ झालीं. आम्हांस हवें आहे तें इतकेंच कीं रामकलींतील गाय आणि गाथेंतील वासरूं कयाधूच्या कांठीं एका बैठकींत, एकापाठोपाठ एक, गाइलीं जावींत.