डुकराचा रुपया आणि चिंचेचं पाणी

दिवाळी आली की डब्यातले चांदीचे रुपये निघतात आणि चिंच, रांगोळी, नारळाची शेंडी घेऊन आपण त्यांना लख्ख घासतो. त्यात 1911 चा पंचम जॉर्जचा रुपया असेल तर हात आवरा!

त्या नाण्यावर राजाच्या झग्यावरच्या माळेत एक इवलासा हत्ती आहे. मुंबई-कलकत्त्याच्या टाकसाळीतून हा रुपया आला, तेव्हा हत्तीची सोंड इतकी आखूड दिसली की लोकांना ते डुक्कर वाटलं. नाराजी पसरली. 1912 पासून ठसा बदलून हत्तीची सोंड नीट दाखवली गेली. जुन्यातले बरेच रुपये सरकारने वितळवले, म्हणून उरलेल्यांना मोल. आणि ती मोहरीएवढी नक्षीच आपण राखेने घासायची?

काळपटपणा म्हणजे मळ नव्हे. हवेतल्या गंधकाच्या संयुगांनी चांदीवर तो थर बसतो. घासलं की त्याच्यासोबत चांदीही निघते. ठसा बसताना उमटलेली मूळची झळाळी जाते, उरतात ओरखडे. चमकवायच्या द्रावातही वरचा पापुद्रा विरघळतोच. संग्राहक हे लगेच ओळखतो. मग कित्येकदा भाव उरतो तो 11.66 ग्रॅम वजनाचा, त्यातही चांदी 91.7 टक्के.

पूजेला सराफाकडचं नवं नाणं घ्या, तेच घासा. जुना रुपया कडेने धरून ताटात ठेवा. ओलं कुंकू नको.