पॅराशूट उघडण्यापूर्वीचे काही सेकंद

१९५० च्या दशकात अमेरिकेतील पालकांपुढे एक नवीच काळजी उभी राहिली. शाळकरी मुले तळघरात आणि गॅरेजमध्ये लोखंडी नळ्यांत ज्वालाग्राही मिश्रणे ठासून अग्निबाण बनवू लागली होती. काही नळ्या उडत. काही जागीच फुटत. मग कुणाची बोटे जात, कुणाचे डोळे, क्वचित कुणाचे प्राणही. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी स्पुटनिक अवकाशात गेला आणि हा नाद गावोगावी पोहोचला. वेस्ट व्हर्जिनियातील कोलवुड या खाणगावचा होमर हिकम याच लाटेतला. त्याच्या पहिल्या ‘अग्निबाणा’ने आईच्या गुलाबाच्या वाफ्याचे कुंपण उडवले होते. पुढे १९६० मध्ये त्याच मुलांनी राष्ट्रीय विज्ञान प्रदर्शनात पारितोषिक मिळवले, हे त्यांचे कर्तृत्व. सगळीच मुले इतकी भाग्यवान नव्हती.

मुलांना अग्निबाणापासून दूर ठेवायचे, की फक्त दारूपासून?

या प्रश्नाचे उत्तर स्पुटनिकच्या आधीच एका बूट विकणाऱ्या दुकानदाराच्या हाती आले होते. नेब्रास्का राज्यातील नॉरफोक गावचा ऑर्व्हिल कार्लाइल शोभेच्या दारूकामाचा शौकीन होता, तर त्याचा भाऊ रॉबर्ट विमानांच्या प्रतिकृती करी. रॉबर्टला व्याख्यानांत अग्निबाणाचे प्रात्यक्षिक दाखवायचे होते. त्यासाठी १९५४ मध्ये ऑर्व्हिलने कागदी नळीची एक छोटी मोटर तयार केली. तिच्यात धातूचा अंशही नव्हता. खाली मातीचे नॉझल, त्यावर दाबून बसवलेली काळी दारू, त्यावर संथ जळणारा एक थर आणि सर्वांत वर चिमूटभर सुटी दारू.

खरी करामत त्या संथ थरात आहे. दारू संपते त्या क्षणी अग्निबाण सर्वाधिक वेगात असतो. तेव्हाच पॅराशूट बाहेर आले, तर ते फाटणार किंवा त्याची दोरी कागदी नळीला उभी चिरत जाणार. म्हणून तो थर काही सेकंद नुसता धुमसतो. तोवर अग्निबाण मिळालेल्या वेगावर वर सरकत राहतो आणि माथ्यावर पोहोचून जवळजवळ थांबतो. मग वरची दारू पेटते आणि पॅराशूट अलगद बाहेर पडते. दिवाळीच्या बाणात फुटणे हाच शेवट असतो; इथे सारी युक्ती आहे ती अग्निबाण शाबूत परत आणण्याची.

जानेवारी १९५७ मध्ये कार्लाइल यांनी नमुने धाडले ते जी. हॅरी स्टाइन यांना. व्हाइट सँड्स क्षेपणास्त्र तळावर सुरक्षेचे काम पाहणाऱ्या स्टाइन यांनी मुलांच्या या धोकादायक छंदावर नुकतेच लिहिले होते. त्यांनी नमुने उडवून पाहिले, नियमावली लिहिली आणि डेन्व्हरमध्ये कंपनी काढली. मोटरींचा पुरवठा अडला, तेव्हा ते व्हर्नन एस्टिस यांच्याकडे गेले. फटाके बनवणाऱ्याच्या या मुलाने ‘मेबल’ नावाचे यंत्र उभारले. ते दर साडेपाच सेकंदांना एक मोटर तयार करी. स्टाइन यांची कंपनी टिकली नाही, मेबल मात्र चालत राहिली. नियमावलीचा गाभा एकच: मोटर स्वतः बनवू नये आणि विकतच्या मोटरीत ढवळाढवळ करू नये.

मग मुलांच्या हाती उरले काय? निवड. मोटरीवरील ‘सी६-५’ या छापात ती सामावलेली आहे. ‘सी’ म्हणजे ५ ते १० न्यूटन-सेकंद आवेग, आणि पुढच्या प्रत्येक अक्षराला ही मर्यादा दुप्पट होते. ६ म्हणजे सरासरी ६ न्यूटन रेटा, तर ५ म्हणजे इंधन संपल्यानंतरचा पाच सेकंदांचा विलंब. हीच मोटर ३ आणि ७ सेकंदांच्या विलंबांतही मिळते. जड अग्निबाण कमी वेग घेतो आणि माथ्यावर लवकर पोहोचतो, त्याला ३ बरे. हलका, सडपातळ अग्निबाण बराच वेळ वर सरकत राहतो, त्याला ७. चूक किती महाग पडते? माथा ओलांडून दोन सेकंद झाले, तर खाली येण्याचा वेग ताशी सुमारे ७० किलोमीटर होतो. पॅराशूट उघडते ते त्या हिसक्यात.

१९८० च्या दशकात शौकीन मोठे झाले आणि त्यांचे अग्निबाणही. १९८२ मध्ये ओहायोतील मदायना येथे मोठ्या अग्निबाणांचा पहिला मेळा भरला. काळ्या दारूची जागा अमोनियम परक्लोरेट आणि रबर यांच्या मिश्रणाने घेतली. स्पेस शटलच्या बूस्टरमधले इंधनही याच कुळातले. एवढी मोठी मोटर एकदा वापरून फेकणे परवडेना. १९९० च्या सुमारास पुन्हा भरता येणारी मोटर बाजारात आली: ॲल्युमिनियमचे नळकांडे कायमचे, आत इंधनाच्या कांड्या, नॉझल, विलंबाची कांडी आणि ओ-रिंग मात्र दर वेळी नव्या. १९८६ च्या चॅलेंजर दुर्घटनेने जगभर पोहोचलेली ओ-रिंग आता हौशी माणसाने आपल्या बोटांनी बसवायची होती! तीस वर्षे जपलेला ‘हात लावू नका’ हा नियम इथे वाकला. इंधन कारखान्याचे, जुळणी मात्र उडवणाऱ्याची.

विलंबाचे गणितही बदलले. काळी दारू उदबत्तीसारखी एका टोकाकडून जळते, म्हणून विलंबाचा थर शेवटी पेटतो. नव्या कांड्या मधल्या पोकळीतून बाहेरच्या दिशेने जळतात, त्यामुळे विलंबाची कांडी पहिल्या क्षणापासूनच झिजू लागते. वेष्टनावरचे सेकंद तेवढे वजा करून छापलेले असतात. शिवाय ती ठरावीक साधनाने आतून किंचित कोरता येते. मिलिमीटरभर खोली, साधारण सेकंदभर फरक. काही संचांत तर सर्वांत लांब विलंबच देतात आणि कमी करण्याचे काम घेणाऱ्यावर सोपवतात.

सरकारची नजर या इंधनावर होतीच. स्फोटकांच्या यादीत त्याचे नाव होते. ६२.५ ग्रॅमहून जड कांडीसाठी परवाना लागे. फेब्रुवारी २००० मध्ये शौकिनांच्या दोन संघटना न्यायालयात गेल्या. प्रश्न विद्यार्थ्यालाही कळेल असा होता: पदार्थ नेमक्या किती वेगाने जळला म्हणजे त्याला स्फोटक म्हणायचे? २००६ मध्ये अपील न्यायालयाने नमूद केले की खात्याने याचे समाधानकारक उत्तर दिलेले नाही. मार्च २००९ मध्ये न्यायाधीश रेगी वॉल्टन यांनी ते वर्गीकरण रद्द ठरवले. नऊ वर्षे लागली.

दरम्यान हवेचा दाब मोजून माथा ओळखणारी छोटी इलेक्ट्रॉनिक यंत्रे आली आणि विलंबाचा अंदाज बांधण्याची गरज बरीच कमी झाली. तरी अनेक अनुभवी शौकीन विलंबाची कांडी काढून टाकत नाहीत. माथ्यानंतर दोनएक सेकंदांनी पेटेल, अशी ती कोरून ठेवतात. बॅटरीने दगा दिला तर पॅराशूट तिच्या भरवशावर उघडते.