वारसा रक्ताचा की दप्तराचा

दरोडेपट हॉलिवूडनेही पुष्कळ काढले, पण दरोड्याला घरातले कार्य करून टाकण्याची हौस फ्रेंच दिग्दर्शकांची. आंरी व्हर्नॉय यांच्या १९६९च्या 'ल क्लाँ दे सिसिलियाँ'मध्ये ज्याँ गाबँने रंगवलेला घरकर्ता मुलगे आणि जावई हाताशी धरून जडजवाहिरांनी भरलेले विमान पळवतो. दरोडा तडीस जातो; मग घराच्या अब्रूचा प्रश्न निघतो आणि सगळे कोसळते. अशा चित्रपटांच्या मुळाशी एक न बोललेले गृहीत असते, की सुताराचा मुलगा सुतार तसा दरोडेखोराचा मुलगा दरोडेखोर. पडद्यावर ते रंजक वाटते. आपल्याकडे मात्र हे गृहीत कायद्याच्या पुस्तकात गेले आणि त्याने लाखो माणसांचे आयुष्य ठरवले. ते किती पोकळ आहे हे तपासायचे असेल तर पिंपरी-चिंचवडइतकी सोयीची जागा नाही. चाकणपर्यंत पसरलेल्या कारखान्यांच्या या पट्ट्यात, चिंचवडगावात, एका घराण्याचा गुन्हा अभिमानाचा वारसा झाला. आणि ज्यांच्या जमातीवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का बसला, त्यांची मुले त्याच घराण्याच्या नावाने चालणाऱ्या संस्थेत शिकत आहेत.

ते घराणे चापेकरांचे. मूळचे कोकणातले, चिंचवडला स्थिरावलेले, एके काळी खाऊनपिऊन सुखी आणि नंतर बुडालेले. हरि विनायक चापेकरांनी पोटासाठी कीर्तन पत्करले. साथीदार ठेवण्याइतका पैसा नव्हता म्हणून मुलांनाच वाद्ये शिकवली, आणि दामोदर, बाळकृष्ण व वासुदेव हे तिघे बापामागे साथीला उभे राहू लागले. या तपशिलाकडे चरित्रकार भक्तिभावाने पाहतात; मला तो वेगळ्या कारणाने महत्त्वाचा वाटतो. एकमेकांच्या इशाऱ्यावर चालायची सवय, गावोगावचे रस्ते, परक्याच्या ओसरीवर मुक्काम, हे सगळे त्या तिघांनी कीर्तनात कमावले. २२ जून १८९७च्या रात्री ते कामी आले. राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा समारंभ आटोपून गणेशखिंडीतल्या गव्हर्नरच्या बंगल्यातून गाड्या परतत होत्या. 'गोंद्या आला रे' ही ठरलेली हाक उठली. प्लेग समितीचा अध्यक्ष वॉल्टर चार्ल्स रँड याच्यावर दामोदरने गोळी झाडली. मागच्या गाडीतला लेफ्टनंट आयर्स्ट बाळकृष्णाच्या गोळीने जागीच गेला. रँड ३ जुलैला मेला. सरकारने २० हजारांचे बक्षीस लावले, आणि द्रविड आडनावाच्या दोन भावांनी नाव फोडले. दामोदर १८ एप्रिल १८९८ला येरवड्यात फासावर गेला. ८ फेब्रुवारी १८९९ला वासुदेव आणि महादेव रानडे यांनी पोलिसांचे बोलावणे आल्याचा बहाणा करून द्रविड बंधूंना घराबाहेर काढले आणि गोळ्या घातल्या. त्याच वर्षीच्या मे महिन्यात ८ तारखेला वासुदेव, १०ला रानडे आणि १२ला बाळकृष्ण यांना फाशी झाली. एका आईचे तीन मुलगे, तेरा महिन्यांच्या आत.

वरवर पाहता हे फ्रेंच पटकथेलाच दुजोरा देणारे प्रकरण आहे: भावांची निष्ठा, फितुरी, सूड. पण जरा बारकाईने पाहावे. फितूर झालेलेही सख्खे भाऊच होते, आणि तेही एकमेकांना धरूनच राहिले. सुडाच्या रात्री वासुदेवाच्या खांद्याला खांदा लावून उभा असलेला रानडे चापेकरांच्या रक्ताचा नव्हता. याच प्रकरणात दहा वर्षे सक्तमजुरी भोगणारा खंडो विष्णू साठे हाही घरातला नव्हता. म्हणजे घराने या कटाला विश्वास पुरवला, हेतू मात्र घराबाहेरून आला: प्लेगच्या तपासणीसाठी घराघरांत शिरणारे सैनिक, पुण्यातली तापलेली वर्तमानपत्रे, आणि धर्म बुडाल्याची दामोदरच्या मनातली खात्री. हरिभाऊंनी मुलांना कीर्तनाची साथ शिकवली. पिस्तूल त्यांनी शिकवले नाही. जे वडिलोपार्जित होते ते गुन्ह्याचे नव्हते, आणि जो गुन्हा होता तो वडिलोपार्जित नव्हता.

सरकारने त्या वेळी काय केले हेही पाहायला हवे. संशय दोन-तीन तरुणांपुरता राहिला नाही. पुण्यावर जादा पोलीस बसवले आणि त्यांचा खर्च शहरावर लादला. नातू बंधूंना १८२७च्या रेग्युलेशनचा आधार घेऊन खटला न चालवताच डांबले. टिळकांना राजद्रोहासाठी अठरा महिन्यांची शिक्षा झाली. अख्ख्या पुणेरी ब्राह्मण समाजालाच कटवाला ठरवण्याची भाषा अँग्लो-इंडियन वर्तमानपत्रांत चालली होती. पण ती भाषा कायदा झाली नाही. ज्यांच्यावर ती रोखली होती त्यांच्याजवळ वकील होते, छापखाने होते, कौन्सिलात बोलणारी माणसे होती. शिवाय खुद्द दामोदरने तुरुंगात आत्मवृत्त लिहिले. ते सरकारी दप्तरात जपले गेले आणि पुढे छापले गेले. आरोपीची बाजू आरोपीच्याच शब्दांत उरली.

आता दुसरी बाजू घ्या. १८७१मध्ये क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट आला तेव्हा त्याच्या समर्थनार्थ कौन्सिलात मांडलेला मुद्दा फार साधा होता: हिंदुस्थानात धंदे जातीने चालतात, तेव्हा चोरीही जातीनेच चालत असणार. १९११च्या सुधारणेनंतर तो मुंबई इलाख्यातही अमलात आला आणि १९२४मध्ये अधिक कडक झाला. फासेपारधी, कंजारभाट, कैकाडी, भामटे अशा जमातींची नावे नोंदवहीत चढली. नोंद झालेल्याने हजेरी द्यायची, गाव सोडताना पास घ्यायचा, पुन्हा शिक्षा झाली तर वाढीव भोगायची. सरकारला वाटले तर अख्खी जमात सेटलमेंटमध्ये डांबता येई आणि मुले आईबापांपासून तोडून वेगळ्या शाळेत ठेवता येत. सोलापूरच्या सेटलमेंटमधली माणसे तारेच्या कुंपणातून गिरणीत कामाला जात आणि पुन्हा कुंपणात परतत. जो माणूस दिवसभर गिरणीत राबतो तो जन्मजात चोर कसा, हा प्रश्न त्या नोंदवहीला पडला नाही. तिच्यात तसा रकानाच नव्हता. चापेकरांच्या बाबतीत आधी गुन्हा घडला आणि मग दप्तर तयार झाले. इथे दप्तर आधी तयार होते, आणि त्यात जन्मलेले मूल गुन्हा करण्यापूर्वीच संशयित होते.

यावर पहिला आक्षेप येईल तो तुलनेवरच. चापेकरांनी देशासाठी प्राण दिले. त्यांचे नाव चोऱ्यामाऱ्यांच्या शेजारी कशाला? हेतूत अंतर आहे हे मान्यच. पण हेतू पाहूनच न्याय करायचा तर तो सगळीकडे पाहायला हवा. दामोदरने स्वतः कबूल केलेल्या कृत्यांत मुंबईतल्या राणीच्या पुतळ्याला डांबर फासणे आणि विद्यापीठाचा परीक्षेचा मांडव जाळणे आहे, तशीच सुधारकांना आणि धर्मांतर केलेल्यांना केलेली मारहाणही आहे. त्या मारहाणीला देशभक्ती म्हणणे अवघड आहे. तरी आपण ते सगळे एका मोठ्या चरित्रात सामावून घेतो, आणि ते चूक आहे असे मी म्हणत नाही. माणसाला त्याच्या काळासकट, रागासकट, उणिवांसकट वाचण्याचे हे औदार्य पारध्याच्या वाट्याला का आले नाही, एवढेच विचारतो. जंगल आणि शिकारीचे कायदे बदलून त्याचा फास निरुपयोगी झाला. भूक हाही हेतू आहे. त्याचे आत्मवृत्त मात्र कोणी लिहून घेतले नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. लक्ष्मण गायकवाडांनी १९८७च्या 'उचल्या'त स्वतःच सांगितले आहे की त्यांच्या जमातीत मुलांना चोरीचे शिक्षण घरीच मिळे, पोलिसांचा मार सोसावा म्हणून आधी घरचा मार मिळे. मग वारसा नाही कसे म्हणायचे? पण ते पुस्तक अर्धेच वाचून हा निष्कर्ष निघतो. हजेरीमुळे दूरचे काम नाही, शिक्क्यामुळे जवळचे काम नाही, आणि चोरी कोणीही केली तरी पोलीस त्याच दारात. अशा कोंडीत चोरी शिकवणे हा बापाने लेकराला जगवण्याचा उपाय होतो. पुढे गायकवाड सूतगिरणीत लागले, कामगारांसाठी लढले, लेखक झाले. १९८८चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना मिळाला. धंदा रक्तात असता तर एका नोकरीने आणि शाळेने तो सुटला नसता. पिंपरीच्या भाटनगरात कंजारभाट समाजाची जुनी वस्ती आहे. तिथल्या शिकलेल्या मुलामुलींनी २०१८च्या सुमारास नववधूच्या कौमार्य परीक्षेविरुद्ध जातपंचायतीला उघड आव्हान दिले. घराच्या निष्ठेला नकार देण्याची ताकदही घरातूनच येते, याचा याहून जवळचा पुरावा शोधायला नको.

स्वातंत्र्यानंतर तरी दप्तर मिटले का? ३१ ऑगस्ट १९५२ला कायदा रद्द झाला आणि जमाती विमुक्त झाल्या. पण १९५९मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला. त्यात जमातीचे नाव नाही, व्यक्तीचे आहे, हे कागदावर मोठेच अंतर; ठाण्यातल्या जुन्या सवयी मात्र कागदाने जात नाहीत. चापेकरांच्या नावे टपाल तिकीट निघाले, ८ जुलै २०१८ला. चिंचवडला त्यांचा वाडा स्मारक झाला, चौकाला नाव मिळाले. त्याच स्मारक समितीच्या आश्रयाने गिरीश प्रभुणे यांनी चिंचवडगावात पारधी आणि इतर भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठी गुरुकुलम् उभे केले. २०२१मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. प्रभुण्यांची वैचारिक बैठक सर्वांना पटणारी नाही आणि एका संस्थेने एवढा मोठा प्रश्न सुटतही नाही. पण फाशी गेलेल्यांच्या नावाखाली नोंदवहीत चढवलेल्यांची मुले शिकतात, ही गोष्ट जन्मजात गुन्हेगारीच्या सिद्धान्ताला दिलेले कोणत्याही प्रबंधापेक्षा चोख उत्तर आहे.

३ ऑक्टोबर २०२४ला सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नोंदींतला जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश दिला आणि विमुक्त जमातींना सवयीचे गुन्हेगार समजणारे तुरुंग नियम घटनाबाह्य ठरवले. न्यायालय तुरुंगाच्या भिंतीपर्यंत पोचते; बातमीच्या मथळ्यापर्यंत पोचत नाही. घरफोडीच्या बातमीत आरोपी पारधी असला की जमात छापायची आणि दुसरा कोणी असला की फक्त नाव, ही रीत आपल्या वर्तमानपत्रांनी आता थांबवावी. पोलिसांच्या पत्रकात जमात लिहिलेली आली तर वार्ताहराने ती खोडावी, आणि छापलेली दिसली तर वाचकांनी संपादकाला पत्र लिहून जाब विचारावा.