गोधडी उसवताना



आपल्या घरांत वह्यांना केवढा मान असतो, ते तुम्हाला सांगायला नको. दिवाळीला वहीपूजन होतं, लाल कापडात बांधलेल्या जुन्या वह्या वर्षानुवर्षं कपाटात जपल्या जातात. कापसाची गाठ कधी आली, कुठल्या भावानं गेली, उधारी कोणाकडे राहिली, ते पन्नास वर्षांनीही सापडतं. त्याच घरात दर उन्हाळ्यात दोन-तीन गोधड्या शिवल्या गेल्या. त्यांची मात्र एक ओळही कुठल्या वहीत नाही. कोणी शिवली, कशाची शिवली, कोणासाठी शिवली, असं विचारलं की उत्तर येतं, "घरातच होती."

म्हणून आज गोधडीचाच इतिहास लिहायला घेतला आहे. तोही आपल्या जालन्याचा.

गोधडी शिवायला मला कोणी बसवून शिकवलं नाही. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंची नजर अधू झाली होती, सुईत दोरा ओवणं त्यांना जमत नव्हतं. मग मी त्यांच्याच जुन्या, विरलेल्या गोधड्या उसवायला घेतल्या. टाका कुठून सुरू झाला, कोपरा कसा वळवला, कापड कुठं जोडलं, हे उसवतानाच कळत गेलं. आजवर सात जुन्या गोधड्या उसवून नव्यानं शिवल्या आहेत. माझी शाळा तीच.

कृती तुम्हा पुष्कळजणींना माहीत आहे, तरी लेकी-सुनांसाठी लिहिते. होळी झाली, शेतातलं आवरलं, ऊन तापायला लागलं की गोधडीचा हंगाम. अंगणात नाहीतर गच्चीवर एक जुनं लुगडं ताणून पसरायचं आणि चारही कोपऱ्यांवर दगड ठेवायचे. त्यावर जुन्या कपड्यांचे तुकडे सुरकुती न पाडता मांडायचे, वरून दुसरं लुगडं घालायचं. मोठे कच्चे टाके घालून सगळे थर धरून ठेवायचे आणि मग कडेपासून आत धावदोरा घालत यायचं. दोरा फार ओढला तर गोधडी आकसते, सैल सोडला तर आतले तुकडे गोळा होतात. बाळासाठी केलं तर दुपटं, मोठ्यांसाठी गोधडी. आपल्या खेड्यांत तिलाच वाकळ म्हणतात.

आता मुख्य गोष्ट. जुनी गोधडी फाटली म्हणून आपल्या बायकांनी कधी टाकली नाही. तिच्यावर नवं कापड चढवलं. त्यामुळे एका गोधडीच्या पोटात दुसरी निघते, कधी तिच्याही पोटात तिसरी. वरून खाली उसवत गेलं की काळ मागे मागे जातो. अशाच एका गोधडीत मला जे थर सापडले, ते क्रमानं सांगते.

सगळ्यात वर होती गुळगुळीत, छापील, पाचवारी साडी, पॉलिस्टरची. टेरिकॉट आणि नायलॉन आलं तेव्हा बायकांना हायसं वाटलं होतं. धुवायला सोपं, वाळायला झटपट, रंग जात नाही. पण गोधडीला ते मानवत नाही. सुईखाली सरकतं, घाम टिपत नाही, विस्तवाची ठिणगी पडली की लगेच वितळतं. आपल्या बायकांनी त्यावर तोड काढली. टिकाऊ म्हणून ही साडी बाहेरून लावली आणि ऊब आतल्या सुती थरांवर सोपवली. हे शहाणपण कुठल्याही पुस्तकातून आलेलं नाही.

त्याखाली सुती पातळं होती आणि त्यांच्यामध्ये एक जाडसर, पांढरट चौकोन. उलटून पाहिला तर छापाची अर्धवट अक्षरं. बियाण्याची कापडी पिशवी! जालना आज बियाण्यांचं गाव म्हणून देशभर ओळखलं जातं. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी इथं महिको सुरू केली. पुढं संकरित बियाणं मराठवाड्याच्या शेतांत पोचलं. बियाणं शेतात गेलं, रिकामी पिशवी गोधडीत आली. १९७२ चा दुष्काळ आठवणाऱ्या आजी अजून आहेत. बाया खडी फोडायला जात, पोटाला सुकडी मिळे. अशा दिवसांत कापडाचा वीतभर तुकडा तरी कोण फेकणार?

आणखी खाली खादी आणि मांजरपाट. खादीचं मला नवल वाटलं नाही. ज्यांच्या नावाचं तपोधाम आपल्या गावात आहे, ते गुरू गणेशलालजी महाराज खद्दरधारी म्हणूनच ओळखले जात. त्यांच्या शब्दावर कित्येक घरांत खादी आली. मांजरपाटानं मात्र वेगळे दिवस आठवून दिले. दुसऱ्या महायुद्धात कापडाची टंचाई झाली, ब्रिटिश मुलखात १९४३ मध्ये कापड नियंत्रणाचा हुकूम निघाला. आपण तेव्हा निजामाच्या राज्यात होतो, पण टंचाई सरहद्द बघून थांबत नाही. "कंट्रोलचं कापड" हा शब्द सासूबाई शेवटपर्यंत वापरत. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं. त्या धामधुमीत कोणाच्या घरी काय घडलं ते थोडंफार लिहिलं गेलं आहे. त्या रात्री मुलांच्या अंगावर काय पांघरलं होतं, ते लिहायचं कोणाला सुचलं नाही.

सगळ्यात तळाशी होतं हातमागाचं सुती लुगडं, इतकं मऊ की बोटांत धरवेना. त्याच्या काळी जालन्यात कापूस उदंड होता. १९०० च्या सुमारास मनमाड-सिकंदराबाद रेल्वे आपल्या गावावरून गेली आणि इथला कापूस दूर जाऊ लागला. सरकी काढायचे, गाठी बांधायचे कारखाने आले, आडती वाढल्या. औरंगाबादला १८८९ मध्येच कापडगिरणी उभी राहिली होती, नांदेडला पुढं उस्मानशाही मिल झाली. या व्यापारात आपल्या समाजातल्या घराण्यांनी नाव कमावलं. सैतवाळ घरांमध्ये तर शिवणकाम आणि कापडविक्री हा पिढ्यांचा व्यवसाय होता. म्हणजे दुकानात पुरुष कापड मोजून फाडत होते, आणि घरात बायका तेच कापड पार झिजल्यावर पुन्हा जोडत होत्या. मोजल्याचा हिशेब राहिला. जोडल्याचा राहिला नाही.

एक गोष्ट ध्यानात आली. या सात गोधड्यांत रेशमाचा एकही तुकडा निघाला नाही. कोशातल्या जिवाला उकळून काढलेला धागा नको, म्हणून कित्येक जैन घरांत रेशीम वापरत नाहीत. पांघरुणापर्यंत तो नेम पाळलेला पाहून मी हात जोडले. ना रेशीम, ना पीस, सगळा कापूसच. आणि असलेलं वापरून संपवल्याशिवाय नवं आणायचं नाही, ही रीत त्यांनी "अपरिग्रह" हा शब्द न उच्चारता पाळली.

गोधडी काही एकट्या मराठवाड्याची नाही. बंगालात तिला कांथा म्हणतात, बिहारात सुजनी, कर्नाटकात कौदी, सिंध-राजस्थानकडे रल्ली. संस्कृतातला कंथा हा शब्दही ठिगळांच्या वस्त्रासाठीच आहे. आपल्या गाडगेबाबांना लोक गोधडे महाराज म्हणत, कारण चिंध्या जोडलेलं वस्त्र हाच त्यांचा पोशाख. मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर एक अख्खं पुस्तक केलं आहे. खेड्यांतल्या बायकांचं काम त्यामुळे परदेशातल्या जाणकारांपर्यंत पोचलं.

एक उदाहरण सातासमुद्रापलीकडचं. अमेरिकेत अलाबामा राज्यात जीज बेंड नावाचं एक छोटं गाव आहे. तिथल्या कृष्णवर्णीय बायका, पूर्वी गुलाम असलेल्यांच्या लेकी-नाती, शेतावर राबून फाटलेल्या कपड्यांच्या गोधड्या शिवत. मिसूरी पेटवे नावाच्या बाईनं १९४२ मध्ये नवऱ्याच्या मृत्यूनंतर त्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली. पुढं २००२ मध्ये त्या गावच्या गोधड्या ह्यूस्टनच्या मोठ्या कलासंग्रहालयात भिंतीवर लागल्या, आणि २००६ मध्ये अमेरिकी टपाल खात्यानं त्यांवर तिकिटं काढली. त्या गोधड्यांतही जुनं कापड आणि थंडीची गरज यांपेक्षा वेगळं काय होतं? पण तिथं कोणीतरी जाऊन विचारलं, शिवणारीचं नाव लिहून घेतलं. त्यामुळे आज मिसूरीचं नाव मला जालन्यात बसून ठाऊक आहे. माझ्या तळाच्या थरातलं लुगडं कोणाचं, ते मात्र सांगता येत नाही. सासूबाईंच्या सासूबाईंचं असावं, एवढाच अंदाज.

ही रुखरुख मला लागून राहिली आहे. आता घरोघरी मिंक ब्लँकेटं आली. जुन्या गोधड्या माळ्यावर पडून असतात, नाहीतर बोहारणीला देऊन स्टीलचा डबा घेतला जातो. डब्याला मी नावं ठेवत नाही, संसारात डबाही लागतो. पण एका डब्यात चार पिढ्या जातात, हे देताना कोणाच्या मनात येत नाही. लिहिता न येणाऱ्या कितीतरी बायकांनी मागं ठेवलेली एवढीच एक वस्तू असते.

म्हणून एक विनंती. या उन्हाळ्यात घरातली सगळ्यात जुनी गोधडी खाली काढा. कडक ऊन दाखवा, हळूच झटका. एका कोपऱ्याचे चार-पाच टाके उसवून आतले थर बघा आणि घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईला जवळ बसवा. हा तुकडा कोणाच्या लुगड्याचा, हे धोतर कोणाचं, विचारा. बोटानं कापड चाचपल्यावर त्यांना जे आठवतं, ते नुसत्या तोंडी प्रश्नांनी आठवत नाही, हा माझा अनुभव आहे. सांगतील ते त्याच दिवशी लिहून ठेवा.

आणि नवी गोधडी शिवाल तेव्हा पांढऱ्या सुती कापडाचा हातभर पट्टा घ्या. त्यावर गडद दोऱ्यानं शिवणारीचं नाव, गाव, वर्ष आणि आत कोणाकोणाचे कपडे आहेत ते भरा, आणि तो पट्टा आतल्या बाजूनं शिवून टाका. पेनानं लिहू नका, शाई दोन धुण्यांत जाते. मी गेल्या चार गोधड्यांना असा पट्टा लावला आहे. पहिल्या पट्ट्यावर सासूबाईंचं नाव भरलं, कारण कापड त्यांचं आणि मूळ टाकाही त्यांचाच. माझं नाव त्यांच्याखाली.

तुमच्या गोधडीच्या पोटात काय निघालं, ते मला जरूर कळवा. तुमच्या आजीचं, पणजीचं नाव घेऊन कळवा.