अवधान-कल सुधारणा

अवधान-कल सुधारणा (अटेन्शन बायस मॉडिफिकेशन) ही चिंता कमी करण्याच्या उद्देशाने विकसित झालेली संगणकीय प्रशिक्षणपद्धती आहे. चिंताग्रस्त व्यक्तींचे लक्ष रागीट चेहरे, भीतिदायक शब्द अशा धोकासूचक उद्दीपकांकडे इतरांपेक्षा अधिक वेधले जाते. या प्रवृत्तीस अवधान-कल म्हणतात. हा कल सरावाने बदलल्यास चिंताही कमी होईल, असे या पद्धतीचे गृहीतक आहे. प्रशिक्षणानंतर मेंदूच्या काही प्रतिसादांत बदल आढळले आहेत. मात्र उपचार म्हणून तिची उपयुक्तता वादग्रस्त आहे.

इतिहास

कॉलिन मॅक्लाउड, अँड्र्यू मॅथ्यूज आणि फिलिप टाटा यांनी १९८६ मध्ये अवधान-कल मोजण्यासाठी 'डॉट-प्रोब' ही चाचणी मांडली. २००२ मध्ये मॅक्लाउड व सहकाऱ्यांनी तिचाच वापर प्रशिक्षणासाठी केला. धोकासूचक शब्दांपासून लक्ष दूर नेण्याचा सराव केलेल्या विद्यार्थ्यांवर नंतरच्या तणावपूर्ण कार्याचा भावनिक परिणाम तुलनेने कमी झाला.

कार्यपद्धती

पडद्यावर एक धोकासूचक व एक तटस्थ असे दोन चेहरे किंवा शब्द सुमारे अर्धा सेकंद दिसतात. ते नाहीसे होताच त्यांपैकी एकाच्या जागी ठिपका किंवा तत्सम चिन्ह उमटते व व्यक्तीने त्याला शक्य तितक्या लवकर कळ दाबून प्रतिसाद द्यायचा असतो. मोजमापाच्या चाचणीत चिन्ह दोन्ही जागी सारख्याच वेळा येते. प्रशिक्षणात मात्र ते नेहमी किंवा बहुतांश वेळा तटस्थ उद्दीपकाच्या जागी येते. त्यामुळे कोणतीही स्पष्ट सूचना नसतानाही लक्ष धोक्यापासून दूर वळण्याची सवय लागावी, अशी अपेक्षा असते.

मेंदूतील प्रतिसाद

मेंदूच्या विद्युत आलेखात (ईईजी) उद्दीपक दिसल्यानंतरच्या काही दशांश सेकंदांतील लहरी नोंदवता येतात. शारोन एल्दार आणि याइर बार-हाइम यांच्या २०१० मधील अभ्यासात, प्रशिक्षणानंतर चिंताग्रस्त सहभागींच्या पी२ व पी३ या लहरींची तीव्रता घटली, तर एन२ लहरीची वाढली. चिंता नसलेल्यांमध्ये असा बदल दिसला नाही. सुरुवातीच्या टप्प्यातील लहरी बदलल्या नाहीत. यावरून, धोक्याकडे लक्ष प्रथम वेधले जाण्याची क्रिया नव्हे, तर त्यानंतरचे अवधानावरील नियंत्रण बदलते, असा निष्कर्ष काढण्यात आला.

त्याच वर्षी मायकेल ब्राउनिंग व सहकाऱ्यांनी निरोगी व्यक्तींवर केलेला मेंदूप्रतिमा (एफएमआरआय) अभ्यास याच्याशी सुसंगत आहे. त्यात प्रशिक्षणामुळे पूर्वललाट बाह्यकाच्या पार्श्वभागातील क्रियाशीलता बदलली. शिकलेल्या सवयीविरुद्ध लक्ष द्यावे लागे, तेव्हा ती वाढत असे. हा भाग अवधानाच्या ऐच्छिक नियंत्रणाशी संबंधित मानला जातो.

टीका

स्टेफान श्मुकले यांनी २००५ मध्ये डॉट-प्रोब चाचणीची विश्वसनीयता अत्यंत कमी असल्याचे दाखवले. मोजमापच अस्थिर असल्यास एखाद्या व्यक्तीचा कल बदलला की नाही, हे ठरवणे कठीण होते. स्वीडनमध्ये पेर कार्लब्रिंग व सहकाऱ्यांनी सामाजिक चिंता असलेल्यांना इंटरनेटद्वारे हे प्रशिक्षण दिले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत प्रशिक्षित व नियंत्रित गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. योआना क्रिस्तेआ व सहकाऱ्यांच्या २०१५ मधील एकत्रित विश्लेषणानुसार अशा पद्धतींचा परिणाम अल्प असून, अनुकूल निष्कर्षच अधिक प्रसिद्ध होत असल्याने तो फुगलेला दिसण्याची शक्यता आहे. त्यामुळे मेंदूच्या प्रतिसादातील बदल हा रुग्णाला आराम पडल्याचा पुरावा मानता येत नाही.