छावणीतला विनोद : स्पाइक मिलिगन, साम्राज्य आणि दूरचित्रवाणी

अहमदनगर शहराचा (२०२४ पासून अहिल्यानगर) वाङ्मयीन इतिहास सांगण्याची एक ठरावीक वाट आहे. ती अमेरिकन मराठी मिशन आणि ‘ज्ञानोदय’ यांच्यापासून निघते, नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई टिळक यांच्यापाशी काही काळ रेंगाळते आणि भुईकोट किल्ल्यात येऊन थांबते. या किल्ल्यातील बंदिवासात पंडित नेहरूंनी १९४४ साली ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिला, तर मौलाना आझादांनी ‘गुबार-ए-खातिर’मधील पत्रे लिहिली. मिशन, कवी, कैदी असा हा क्रम आहे. किल्ल्याला आणि गावाला खेटून शंभर वर्षांहून अधिक काळ नांदलेली ब्रिटिश छावणी मात्र त्यात कुठेच येत नाही. १८०३ च्या ऑगस्टमध्ये आर्थर वेलस्लीने किल्ला घेतला, तेव्हापासून या गावाला साम्राज्याच्या लष्करी भूगोलात स्थान मिळाले. बोअर युद्धातील कैदी येथे ठेवले गेले आणि पहिल्या महायुद्धात जर्मन नागरिकांसाठी येथे बंदिछावणी होती. छावणीने गावाला बाजार दिला, रस्ते दिले, बोलीत काही शब्द दिले. वाङ्मय दिले नाही, असे गृहीत धरले जाते.

हे गृहीत तपासून पाहावे असे वाटायला लावणारी एक जन्मनोंद आहे. १६ एप्रिल १९१८ रोजी नगर येथे लष्करी नोकरीतील लिओ मिलिगन व फ्लोरेन्स या दाम्पत्याला मुलगा झाला. टेरेन्स ॲलन हे त्याचे नाव. पुढे तो स्पाइक मिलिगन म्हणून ओळखला गेला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील ब्रिटिश विनोदाला, विशेषतः नभोवाणी आणि दूरचित्रवाणीवरील विनोदाला, त्याने जे वळण दिले ते आज इंग्रजी समीक्षेत निर्विवाद मानले जाते. आपल्याकडे त्याचा उल्लेख झालाच तर ‘नगरला जन्मलेला विनोदकार’ एवढ्यापुरता होतो. जन्मस्थळाचा असा अभिमान निरुपद्रवी असतो. पण त्यातून काही कळत नाही. नगर हे मिलिगनच्या चरित्रातले पहिले ठिकाण आहे यापेक्षा नगरसारखी छावणी ही त्याच्या विनोदाची मूळ रचना आहे, ही गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. त्या रचनेचे बळ आणि तिची मर्यादा दोन्ही पाहिल्याखेरीज या अभिमानाचे काय करायचे हे ठरवता येणार नाही.

छावणी म्हणजे उतरंड. वर अधिकारी, त्याखाली गोरा शिपाई व त्याचे कुटुंब, त्याखाली देशी शिपाई, आणि सर्वांखाली भिस्ती, आया, खानसामे, धोबी. मिलिगन कुटुंब या उतरंडीच्या मधल्या पायरीवरचे होते. त्यातही बाप आयरिश, धर्म कॅथलिक. म्हणजे ज्या साम्राज्याचा गणवेश अंगावर होता, त्याच साम्राज्याने जिंकलेल्या एका बेटावरून आलेला माणूस दुसऱ्या जिंकलेल्या मुलखावर पहारा देत होता. मुलाचे बालपण पुण्यात व नंतर रंगूनमध्ये गेले. १९३० नंतरच्या काही वर्षांत कुटुंब लंडनला परतले. ‘परतले’ हा शब्द आईबापांपुरता खरा आहे. मुलासाठी ते परदेशगमनच होते.

येथे जॉर्ज ऑर्वेलची आठवण अपरिहार्य आहे. तोही भारतात, मोतीहारीला, १९०३ मध्ये जन्मला आणि १९२२ ते १९२७ या काळात ब्रह्मदेशात पोलीस अधिकारी होता. साम्राज्याच्या अनुभवाला ऑर्वेलने दिलेला प्रतिसाद अपराधभावाचा आणि स्वच्छ, पारदर्शक गद्याचा होता. मिलिगनने आवाज, गोंधळ आणि तुटलेले वाक्य निवडले. ऑर्वेल अधिकारी होता आणि त्याला आज्ञा द्यावी लागली. मिलिगन आज्ञा ऐकणाऱ्यांच्या घरचा होता. आणि आज्ञा सतत ऐकणाऱ्याला ती अर्थापेक्षा आधी आवाज म्हणूनच कळते.

दुसऱ्या महायुद्धात तो स्वतः तोफखान्यात संदेशवाहक होता. तारा ओढायच्या, बिनतारी यंत्रावर कान ठेवायचा, खरखरीतून हुकूम वेगळा काढून पुढे पोचवायचा, हे त्याचे काम. उत्तर आफ्रिका आणि इटली या दोन्ही आघाड्यांवर तो होता. जानेवारी १९४४ मध्ये कॅसिनोच्या परिसरात तो जखमी झाला आणि त्याचे मनही त्या धक्क्यातून पुरते सावरले नाही. या अनुभवावर त्याने पुढे सात खंडांत आठवणी लिहिल्या. पहिला खंड १९७१ साली आला. त्याच्या दृष्टीने यंत्र हे प्रगतीचे प्रतीक कधीच नव्हते. ते हुकमाचे वाहन होते, आणि हुकूम चुकीचा असला तरी यंत्र तो बिनचूक पोचवत असे.

२८ मे १९५१ रोजी बी.बी.सी.वर ‘क्रेझी पीपल’ या नावाने सुरू झालेला आणि लवकरच ‘द गून शो’ म्हणून प्रसिद्ध पावलेला कार्यक्रम जानेवारी १९६० पर्यंत चालला. पीटर सेलर्स, हॅरी सीकोंब, आरंभी मायकेल बेंटाइन आणि स्वतः मिलिगन हे त्याचे कलावंत. लेखनाचा मुख्य भार मिलिगनवर होता आणि त्या भाराखाली १९५२ मध्ये तो मानसिकदृष्ट्या कोसळलाही. या कार्यक्रमाचे वेगळेपण त्याच्या कथानकांत शोधणे व्यर्थ आहे. ते ध्वनीच्या वापरात आहे. त्यापूर्वी नभोवाणीवर दार वाजले की दार वाजल्याचा आवाज येई, म्हणजे ध्वनी हा वास्तवाचा पुरावा असे. मिलिगनने तो पुरावाच खोटा पाडला. पावलांचा आवाज दूर जातो, वेग वाढवतो, मैलभर पळतो आणि पुन्हा त्याच खोलीत येतो. १९५८ मध्ये बी.बी.सी.ने इलेक्ट्रॉनिक ध्वनिनिर्मितीसाठी रेडिओफोनिक वर्कशॉप स्थापन केले. त्याच्या आरंभीच्या कामांपैकी एक होते मेजर ब्लडनॉकच्या पोटातील गडगडाट तयार करणे. एवढी यंत्रणा, एवढे अभियंते, आणि साध्य काय तर भारतात नोकरी केलेल्या एका लाचखाऊ, भित्र्या मेजरचे बिघडलेले पोट! साम्राज्याची शोकांतिका अनेकांनी लिहिली आहे. तिचे अपचन ऐकवणारा मात्र हा एकच.

ब्लडनॉक हे पात्र सेलर्सने उभे केले, तरी त्याची माती छावणीची आहे. पदके, रेजिमेंटचा अभिमान, कढीमसाल्याची तक्रार आणि खजिन्यावर डोळा, ही त्याची लक्षणे. छावणीतल्या शिपायांच्या घरांत अधिकाऱ्यांविषयी जे दबक्या आवाजात बोलले जात असावे, ते येथे राष्ट्रीय प्रक्षेपणावर आले. ज्या श्रोत्यांनी १९४७ मध्ये भारत गमावला होता, त्यांनीच आठवड्यामागून आठवडा त्याला हसून दाद दिली, हा काळाचा भाग ध्यानात ठेवला पाहिजे. १९५६ च्या सुएझ प्रकरणात उरलासुरला तोराही उतरला. ‘गून शो’ त्याच्या पाच वर्षे आधीपासून तो उतरवत होता.

राजकारण, तंत्रविद्या आणि माध्यम यांचा सर्वांत थेट मेळ १९५५ च्या जानेवारीतील एका भागात दिसतो. डिसेंबर १९५४ मध्ये बी.बी.सी. दूरचित्रवाणीने ऑर्वेलच्या ‘१९८४’चे नाट्यरूप दाखवले आणि त्यावर मोठा गदारोळ झाला. महिना उलटण्याच्या आत मिलिगन आणि एरिक साइक्स यांनी ‘१९८५’ या नावाने त्याचे विडंबन नभोवाणीवर आणले. त्यात ‘बिग ब्रदर’ची अद्याक्षरे बी.बी.सी.च्या अद्याक्षरांशी जुळवून सर्वसत्ताधारी राज्य म्हणजे खुद्द प्रक्षेपण संस्थाच ठरवली होती, आणि छळकोठडीतील छळ म्हणजे तिचेच नेहमीचे कार्यक्रम ऐकणे. १९५४ च्या कायद्याने व्यापारी दूरचित्रवाणीचा मार्ग मोकळा झाला होता, तिची सुरुवात १९५५ च्या सप्टेंबरात व्हायची होती. त्या वादाची सावलीही या भागावर आहे. संस्थेच्या वेतनावर, संस्थेच्या ध्वनिक्षेपकातून संस्थेचीच हुकूमशहा म्हणून टवाळी करणे आणि संस्थेने ती प्रक्षेपित करणे, या घटनेकडे उदारमतवादाचे उदाहरण म्हणून पाहता येईल. छावणीची सवय ठाऊक असणाऱ्याला मात्र त्यात आणखी काही दिसेल. उतरंड भक्कम असली की खालच्या पायरीवरच्या थट्टेला ती जागा करून देते.

दूरचित्रवाणीवर मिलिगन १९५६ मध्ये रिचर्ड लेस्टरच्या दिग्दर्शनाखाली व्यापारी वाहिनीवरून आला. पण त्याचे खरे काम १९६९ च्या मार्चमध्ये बी.बी.सी. टू वर सुरू झालेल्या ‘क्यू फाइव्ह’ मालिकेत आहे. प्रवेशाला शेवट असावा, आणि तो हशा पिकवणाऱ्या वाक्यावर व्हावा, हा संगीतिकागृहांपासून चालत आलेला नियम त्याने मोडला. प्रवेश मध्येच सोडून दिले जात. पात्रांच्या कपड्यांना कपडेपटाची चिठ्ठी लटकलेली असे. नट प्रेक्षकाकडे पाहत आणि पुढे काय करायचे असे विचारत. त्याच वर्षी ऑक्टोबरात सुरू झालेल्या ‘मॉन्टी पायथन’च्या मंडळींनी हे ऋण मान्य केले, मालिकेचा दिग्दर्शक इयन मॅकनॉटन यालाच त्यांनी आपल्याकडे घेतले. यश पायथनला मिळाले. ‘क्यू फाइव्ह’चे बहुतेक भाग चित्रफिती पुन्हा वापरण्याच्या तत्कालीन रिवाजात पुसले गेले.

मराठी विनोदविचाराच्या दृष्टीने हा प्रकार उपरा वाटतो, त्याला कारण आहे. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या ‘सुदाम्याचे पोहे’पासून आपला विनोद विसंगतीवर उभा आहे, परंतु ती विसंगती रूढीत, स्वभावात, भाषेत असते. ती सांगणारा निवेदक शहाणा असतो आणि सांगण्याचे माध्यम विश्वसनीय असते. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबई दूरदर्शनवर चि. वि. जोशी यांचा चिमणराव आला, तेव्हा दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांच्या अभिनयाने ते घर जिवंत झाले. कॅमेरा मात्र त्या घराची खिडकीच राहिला. पु. ल. देशपांडे यांनी बी.बी.सी.त दूरचित्रवाणीचे प्रशिक्षण घेतले होते आणि १९५९ मध्ये प्रायोगिक स्वरूपात सुरू झालेल्या दिल्ली केंद्राच्या आरंभकाळात निर्माता म्हणून कामही केले होते. मिलिगनपेक्षा ते दीड वर्षाने लहान. नव्या माध्यमाची इतकी जवळची ओळख असूनही त्यांच्या विनोदाचे बळ शेवटपर्यंत माणसाच्या वेडेपणात आणि त्या वेडेपणाविषयीच्या ममतेतच राहिले. हा दोष नव्हे. ज्या समाजात माध्यम नुकतेच आले आहे, तो त्याच्यावर आधी विश्वास ठेवतो. आणि चाळीतल्या माणसाला यंत्रापेक्षा शेजाऱ्याचा उपद्रव अधिक असतो.

मिलिगनला ममता परवडली नाही, आणि येथेच त्याची अडचण सुरू होते. १९६२ च्या राष्ट्रकुल स्थलांतर कायद्याने वसाहतींतून आणि माजी वसाहतींतून येणाऱ्यांच्या ब्रिटनमधील हक्कावर मर्यादा आणल्या. कायद्याचा रोख कॅरिबियन, भारतीय आणि पाकिस्तानी स्थलांतरितांवर होता. पण नगरला जन्मलेल्या आयरिश बापाच्या मुलाचा आपसूक हक्कही त्याच जाळ्यात अडकला. ब्रिटनसाठी लढून जखमी झालेल्या माणसाला राजनिष्ठेची शपथ घ्यायला सांगण्यात आले. त्याने ती नाकारली आणि आयरिश नागरिकत्व घेतले. पुढच्याच वर्षी ‘पकून’ ही त्याची कादंबरी प्रसिद्ध झाली. आयर्लंडची फाळणी करणारी सीमारेषा एका खेड्यातून, तिथल्या गुत्त्यातून आणि दफनभूमीतून जाते, हा तिचा विषय. मंटोची ‘टोबा टेक सिंग’ ज्यांच्या परिचयाची आहे त्या वाचकाला ही कादंबरी परकी वाटणार नाही. नकाशावरच्या रेघेतले वेड दोघांनीही ओळखले होते. मंटोचा माणूस मात्र त्या रेघेवर मरून पडतो, मिलिगनची माणसे स्वस्त दारूसाठी गुत्त्याच्या एका कोपऱ्यात गर्दी करतात.

ज्या कायद्याने त्याला परके ठरवले तोच ज्यांच्यावर रोखलेला होता, त्या माणसांशी त्याने कसे नाते जोडले? १९६९ अखेर ‘करी अँड चिप्स’ या जॉनी स्पेट लिखित मालिकेत मिलिगनने चेहऱ्याला तपकिरी रंग फासून अर्धा आयरिश, अर्धा पाकिस्तानी कामगार रंगवला. गोऱ्या कामगारांचा वंशद्वेष उघडा पाडणे हा लेखकाचा सांगितलेला हेतू होता. नियामक मंडळाने सहा भागांनंतर ती बंद करायला लावली. १९७५ मध्ये ‘द मेल्टिंग पॉट’ या त्याच्या सहलेखनातील मालिकेचा पहिला भागच दाखवला गेला, बाकीचे कपाटात राहिले. त्याच वर्षीच्या ‘क्यू सिक्स’मध्ये ‘डॉक्टर हू’तील डालेक हे संहारक यंत्र पाकिस्तानी उच्चारांत बोलत कामावरून घरी येते, घरातल्या वस्तू नष्ट करते आणि जेवणाची चौकशी करते. तंत्रविद्येचे भय आणि स्थलांतरिताचे भय एकाच पत्र्याच्या डब्यात कोंबण्याची ही कल्पना रचनेच्या दृष्टीने विलक्षण आहे. तिच्यातला हशा मात्र उच्चारांवर पिकतो, आणि तो उच्चार ज्यांचा आहे ते त्या स्टुडिओत नाहीत.

काळाचे संकेत तसे होते, हा बचाव अपुरा आहे. माध्यमाचे सर्व संकेत मोडणाऱ्या लेखकाला हाच एक संकेत मोडावासा का वाटला नाही, हा प्रश्न त्याने उरतोच. उत्तर छावणीत आहे. मधल्या पायरीवरचे मूल वरच्या पायरीकडे पाहून साहेबाची नक्कल शिकते आणि खालच्या पायरीकडे पाहून नोकराची. पहिल्या नकलेत बंड असते, कारण साहेब ऐकेल ही भीती असते. दुसरीत भीती नसते. तिथे जवळीक असते, प्रेमही असते, आणि मालकीही असते. पुण्याच्या बालपणाविषयी मिलिगनने आयुष्यभर हळवेपणाने लिहिले-बोलले. त्या हळवेपणावर शंका घेण्याचे कारण नाही. पण ज्या आवाजांवर लहानपणी प्रेम केले ते आपलेच आहेत, हवे तेव्हा काढता येतात, अशी त्याची समजूत शेवटपर्यंत टिकली. ‘गून शो’तले लालकाका आणि बॅनर्जी, ‘द पार्टी’ या १९६८ च्या चित्रपटातला सेलर्सचा भारतीय नट आणि मिलिगनचा तपकिरी कामगार ही एकाच घरातली भावंडे आहेत.

त्याला ‘नगरचा’ म्हणायचे असेल तर मिशनचे नगर आणि किल्ल्याचे नगर यांच्या शेजारी हे तिसरे नगरही मोजावे लागेल, आणि त्यात आया व भिस्ती यांची जागा कोरी आहे हेही नोंदवावे लागेल. मराठीत छावणीविषयी त्या खालच्या पायरीवरून लिहिलेले जे काही विखुरलेले साहित्य असेल, आत्मकथने, लावण्या, लष्करातून परतलेल्या महारांच्या कुटुंबांतील आठवणी, ते मिलिगनच्या समोर ठेवून वाचले तरच या विनोदाचा दुसरा कान सापडेल.

ब्रिटनने त्याला १९९२ मध्ये सी.बी.ई. आणि पुढे नाइटहूड दिले, दोन्ही ‘मानद’, कारण तो नागरिक नव्हता. २७ फेब्रुवारी २००२ रोजी त्याचे निधन झाले. आपण आजारी असल्याचे सांगत होतो, अशा अर्थाचे एक वाक्य थडग्यावर असावे, ही त्याची जुनी थट्टा होती. विंचेलसी येथील चर्चच्या अधिकाऱ्यांना ते इंग्रजीत मान्य झाले नाही. २००४ मध्ये ते आयरिश भाषेत कोरण्यात आले.